जोतं आखण्याआधी एकदा वर बघा : कोकणातलं घर आणि डोक्यावरच्या विजेच्या तारा

जोत्याची आखणी होते त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा जमिनीवर असतात. गवंडी दोरी ताणतो, चुना पडतो, नारळ फुटतो, घरातलं जाणतं माणूस म्हणतं की पडवी अजून दीड फूट पुढे घ्या. माडांच्या शेंड्यांमधून गेलेल्या तीन-चार तारांकडे मात्र कुणी मान वर करून बघत नाही. वर्षभराने स्लॅब पडतो, पाणी मारायला पोरगा वर चढतो आणि तेव्हा कळतं की तार त्याच्या खांद्याच्या उंचीवर आहे.

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात घरांच्या वायरिंगची कामं करतो. मुंबईहून येऊन गावी पहिल्यांदाच घर बांधणारे, जुनं कौलारू उतरवून स्लॅब टाकणारे, गच्चीवर पत्र्याची शेड घालणारे, अशा लोकांसाठी हे लिहितो आहे. तारेपासून किती अंतर हवं, ते कसं मोजायचं, कमी पडलं तर कुठे जायचं, हे सगळं पाया खणण्याआधी कळलं तर काम दोन अर्जांत होतं. स्लॅब पडल्यावर कळलं तर पैसा जातो, आणि कधी कधी माणूसही जातं.

आधी तार ओळखा

अंतर किती हवं हे तारेतल्या दाबावर ठरतं, म्हणून पहिलं काम खांबाखाली उभं राहून वर बघण्याचं.

डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, वाडीत फिरणारी लाईन लघुदाबाची. एका फेजला साधारण २३० व्होल्ट, तीन फेजमध्ये ४०० च्या आसपास. खांबाच्या अंगाला एकाखाली एक अशा चार-पाच तारा असतात आणि प्रत्येकीला पांढऱ्या किंवा तपकिरी चिनीमातीची रिळासारखी छोटी चिमणी, म्हणजे इन्सुलेटर, असते. खांब बहुतेक सिमेंटचा, ८ मीटरचा, त्यातला दीड मीटर जमिनीत.

डीपीपर्यंत वीज आणणारी लाईन उच्चदाबाची, म्हणजे ११, २२ किंवा ३३ हजार व्होल्टची. तिच्या तीनच तारा असतात, खांबाच्या डोक्यावर आडव्या लोखंडी अँगलवर बसवलेल्या. चिमण्या मोठ्या, चकत्यांच्या, आणि दोन तारांमध्ये अंतर चांगलं ऐसपैस. ११ आणि २२ मधला फरक नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, तो सांगायचा प्रयत्नही करू नका. खांबावरचा नंबर लिहून घ्या आणि महावितरणच्या शाखा कार्यालयात किंवा तुमच्या गावच्या वायरमनला विचारा. त्यांना प्रत्येक फीडर पाठ असतो.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनात पक्की करा. या सगळ्या तारा उघड्या आहेत. वरून काळपट दिसतात म्हणून काही जण त्यांना रबरी आवरण असेल असं समजतात. ती ऊन, पाऊस आणि खाऱ्या वाऱ्याने काळवंडलेली उघडी अ‍ॅल्युमिनियमची तार असते. आणि उच्चदाबाच्या तारेला हात लागावाच लागतो असंही नाही. फार जवळ गेलं तर वीज हवेतून झेप घेते.

नियमातले आकडे

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे विनियम २०१० मध्ये काढले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. घराजवळच्या तारांची अंतरं मात्र १९५६ च्या जुन्या वीज नियमांपासून जवळपास तीच आहेत, त्यामुळे जुना वायरमन आणि नवा इंजिनिअर दोघेही तुम्हाला हेच आकडे सांगतील.

लघुदाबाची तार घरावरून जात असेल तर छपराच्या सर्वांत उंच जागेपासून तारेपर्यंत उभं अंतर किमान २.५ मीटर, म्हणजे सव्वाआठ फुटांच्या आसपास. तार घराच्या बाजूने जात असेल तर आडवं अंतर किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट.

उच्चदाबाची, ३३ हजार व्होल्टपर्यंतची तार असेल तर उभं अंतर ३.७ मीटर, म्हणजे बारा फुटांहून थोडं जास्त. बाजूचं अंतर ११ हजारपर्यंत १.२ मीटर आणि त्यापुढे ३३ हजारपर्यंत २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट. २२ हजारची लाईन या दुसऱ्या गटात येते, हे विसरू नका. मनोऱ्यांवरची मोठी लाईन जवळ असेल तर प्रत्येक पुढच्या ३३ हजार व्होल्टला ०.३ मीटर वाढवत जायचं. पण तिथे स्वतः हिशेब करत बसू नका, थेट कार्यालय गाठा.

जमिनीपासूनची उंची वेगळी. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार ५.८ मीटरच्या खाली नको, उच्चदाबाची ६.१ मीटरच्या खाली नको. रस्त्याच्या कडेने जाणारी असेल तर ५.५ आणि ५.८. रस्ता सोडून इतर ठिकाणी, म्हणजे खळ्यावरून, बागेतून, शेतातून जाणारी तार ११ हजारपर्यंत उघडी असेल तर ४.६ मीटर, आवरणाची असेल तर ४ मीटर. ११ ते ३३ हजारला ५.२ मीटर.

हे आकडे वाचून लोक लगेच हिशेब करतात की आपल्या छपरापासून तार नऊ फुटांवर आहे, म्हणजे झालं. तसं नाही. उभं अंतर मुख्यतः आधीपासून असलेल्या घरासाठी आहे. आधीपासून असलेल्या लाईनखाली नवीन घर बांधूच नये, असं नियम स्पष्ट सांगतो. नव्या घरासाठी खरा प्रश्न बाजूच्या अंतराचा, आणि कोकणात चूक होते ती तिथेच.

भिंतीपासून मोजू नका

आपल्याकडे पाऊस तिरका येतो, म्हणून छप्पर भिंतीच्या पुढे अडीच-तीन फूट काढतात. चिऱ्याची भिंत तारेपासून सहा फुटांवर असली तरी वळचण तीन फुटांवर येते. त्याला पुढे पत्र्याची पन्हळ लावली की अजून अर्धा फूट गेला. नियमात अंतर घराच्या सर्वांत जवळच्या भागापासून आहे. पडवीचं उतरतं छप्पर, बाल्कनी, छज्जा, पन्हळ, सगळं त्यात धरायचं. मी साइटवर गेलो की टेप पन्हळीच्या टोकाच्या जागेपासून सोडायला सांगतो. मालकाचा चेहरा तिथेच बदलतो.

आता वाऱ्याचा हिशेब धरा. बाजूचं अंतर वाऱ्याने तार जास्तीत जास्त झुलली असताना उरलं पाहिजे, असा नियम आहे. दोन खांबांमध्ये तार मधोमध तीन फूट खाली लोंबत असेल आणि जुलैच्या वाऱ्यात ती ४५ अंशांत झुलली, तर मधला भाग दोन फूट बाजूला येतो. म्हणजे शांत दिवशी तुम्ही मोजलेल्या चार फुटांतले दोन फूट त्या वाऱ्यात उरत नाहीत. शांत हवेत मोजताना निदान सहा फूट मोकळे ठेवा. झोळ जास्त असेल तर त्या मानाने अजून.

उभ्या अंतराला वैशाख लागतो. ऊन आणि तारेतून वाहणारा करंट दोन्हींनी अ‍ॅल्युमिनियम तापतं, लांबतं आणि झोळ वाढतो. नियमातली उंची जास्तीत जास्त झोळाला धरायची असते. म्हणून डिसेंबरच्या सकाळी घेतलेलं माप मे महिन्याच्या दुपारी खरं राहत नाही. शक्य असेल तर मे महिन्यात दुपारी मोजा. नाही जमलं तर हाती आलेल्या आकड्यातून फूटभर वजा करा.

हात न लावता कसं मोजायचं

काठी, बांबू, पाइप, लोखंडी टेप, काहीही तारेकडे न्यायचं नाही. कोरडा बांबू चालतो असं म्हणणारे भेटतील. आपल्या दमट हवेत कोरडा बांबू असा फार दिवस राहत नाही.

माझी रीत साधी आहे. चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा लावून तिरका दुमडा, त्रिकोण होईल. तार सर्वांत खाली आलेली जागा शोधा, ती बहुतेक दोन खांबांच्या मधोमध असते. दोन्ही खांबांच्या बुंध्यांना जोडणारी सरळ रेषा जमिनीवर दगड ठेवून धरा आणि त्या मधल्या जागी एक खूण करा. खुणेपासून तारेच्या काटकोनात मागे चालायला लागा. त्रिकोणाची एक आखूड बाजू जमिनीला समांतर धरून तिरक्या बाजूच्या रेषेत बघा. त्या रेषेत तार दिसली की थांबा. खुणेपासून तुमच्या पायापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात तुमच्या डोळ्यांची उंची मिळवा. अंतर साडेतेरा फूट आणि डोळे पाच फुटांवर असतील, तर तार साडेअठरा फुटांवर.

यासाठी जमीन सपाट लागते. आपल्या उतारावर खुणेची जागा आणि तुमची जागा यांत दोन फुटांचा फरक असला तर उत्तर तेवढंच चुकतं. त्यामुळे खळ्यात किंवा रस्त्यावर उभं राहून घ्या, किंवा नळीत पाणी भरून पातळी काढून तेवढा फरक जमेस धरा. या रीतीत फूटभर इकडे-तिकडे होतंच. उत्तर नियमाच्या आकड्याजवळ येत असेल तर स्वतःच्या मापावर विसंबू नका, महावितरणकडून मोजून घ्या.

आता वरचे साडेअठरा फूट धरून घराचा हिशेब करून बघा. जोतं दोन फूट, खोलीची उंची दहा, स्लॅब पाच इंच, कठडा तीन फूट. झाले साधारण साडेपंधरा. तारेला उरले तीन फूट. लागतात सव्वाआठ. आणि अजून गच्चीवर टाकी बसायची आहे.

गच्चीवरची शेड

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहितो, कारण गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. कोकणात स्लॅब गळतो. मग दोन पावसाळे सहन करून लोक गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालतात. घर बांधताना तारेचं अंतर बरोबर होतं, सगळे कागद नीट होते. शेडने घराची उंची आठ-दहा फुटांनी वाढली आणि तार जागच्या जागी राहिली. वरचा सगळा भाग लोखंडाचा. वादळात तार तुटून पत्र्यावर पडली की पत्रा, सांगाडा, जिन्याचं रेलिंग, सगळीकडे करंट खेळतो आणि खाली घरात माणसं असतात.

अडीच मीटर हे अंतर कशासाठी आहे याचा विचार करा. साडेपाच फुटांचा माणूस हात वर करून उभा राहिला तर बोटं सात फुटांच्या आसपास जातात. वर फूटभर उरतो. त्याच माणसाच्या हातात बारा फुटांचा पत्रा असेल आणि वाऱ्याने तो उभा झाला, तर नियमातलं अंतर असूनही तो तारेला लागतो. म्हणून शेडचं काम लाईनजवळ असेल तर महावितरणला आधी कळवून त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्या, आणि वायरमनने स्वतः सांगितल्याशिवाय एकही माणूस वर चढवू नका.

शेडसाठी वेगळी परवानगी कशाला, असं विचारतात. नियमात नवं घर, जुन्या घरात केलेला कायमचा किंवा तात्पुरता बदल, इतकंच काय रस्त्याची पातळी उंचावणंही धरलेलं आहे. वाडीतल्या रस्त्यावर दर काही वर्षांनी खडी-डांबराचा थर चढतो आणि तार तेवढीच जमिनीजवळ येते, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या लक्षात होती.

अर्ज कुठे आणि कसा

अंतर कमी पडतंय असं दिसलं की काम थांबवून लेखी अर्ज द्या. एक प्रत महावितरणच्या शाखा किंवा उपविभागीय कार्यालयात, दुसरी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाकडे. हे राज्य सरकारचं वेगळं कार्यालय आहे, बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसतं. अर्जासोबत मापाचा नकाशा जोडा : घर कुठे, खांब कुठे, तारा कुठून कुठे, वळचण कुठवर, आणि काम चालू असताना परांची कुठवर येणार तेही. परांचीचा उल्लेख नियमातच आहे. दोन फोटो आणि खांबाचा नंबर जोडला तर साइटवर येणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. पोच घ्या, तारखेचा शिक्का असलेली.

त्यानंतर महावितरणवाले दोन गोष्टी बघतात. लाईन मुळात नियमाप्रमाणे घातलेली होती का, आणि ती हलवणं शक्य आहे का. लाईन आधीपासून बरोबर असेल आणि घर तुम्ही नंतर जवळ आणत असाल, तर हलवण्याचा खर्च तुमच्यावर येतो. अंदाजपत्रक मिळेल, पैसे भरावे लागतील. हे ऐकून वाईट वाटतं हे मला माहीत आहे. पण घर चार फूट मागे घेणं हा आखणीच्या दिवशी फुकटातला उपाय असतो. लाईनच चुकीची, म्हणजे झोळ वाढून जमिनीजवळ आलेली असेल, तर तेच अर्जात स्पष्ट लिहा. तार ताणणं, मधे खांब टाकणं, उघड्या तारेच्या जागी आवरणाची केबल ओढणं, असे उपाय असतात.

निरीक्षकाची हरकत नाही असं लेखी येईपर्यंत काम सुरू करू नका. तोंडी "करा हो, बघू" यावर पाया खणू नका.

जुन्या कौलारू घराची सर्व्हिस वायर

खांबापासून मीटरपर्यंत येते ती सर्व्हिस वायर. जुन्या घरांची वळचण सात-आठ फुटांवर असते, म्हणून ही वायर पडवीसमोर हाताला लागेल अशी येते. त्यावर कपडे वाळत घातलेलेही मी पाहिले आहेत. घराशी एक जीआय पाइप उभा करून वायर उंच घ्यायची, पाइपचं तोंड खाली वळवायचं म्हणजे पाणी आत जात नाही, आणि पाइपला अर्थिंग द्यायचं. खळ्यावरून जाताना ती निदान ४ मीटरवर राहिली पाहिजे, रस्ता ओलांडत असेल तर ५.८ वर. छपरापासूनचं उभं अंतर अडीच मीटरपेक्षा कमी पडत असेल, तर वायर आवरणाची आणि अर्थ केलेल्या आधाराच्या तारेला ठरावीक अंतरावर बांधलेली हवी. त्या तारेची ताकद ३५० किलोंपेक्षा कमी नको. किनाऱ्याजवळ जीआय तारही गंजते, दर पावसाळ्याआधी नजर टाका. गंजून ती तुटली की सगळं वजन वायरवर येतं. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

जागा असेल तर जमिनीखालून केबल घेणं उत्तम. जांभ्यात चर खणायचा खर्च येतो, पण माडाची झावळ पडून लाईट जाणंही संपतं.

घर झाल्यावरही तार तिथेच असते

१२ मीटरची सळई उभी करताना, बोअरवेलच्या गाडीचा मनोरा वर जाताना, चिऱ्याच्या डंपरचा हौदा उचलताना, एका माणसाला फक्त तारेकडे बघायला उभं करा. त्याला दुसरं काम देऊ नका.

आंब्याच्या दिवसांत आंबे काढायचा झेला म्हणा, घळ म्हणा, तिचा दांडा हल्ली अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपचा असतो, हलका म्हणून. लाईनजवळच्या कलमाला तो नको. पाडेलीला माडावर चढवण्याआधी कुठल्या झावळ्या तारेकडे झुकल्या आहेत ते तुम्ही स्वतः खालून दाखवा, आणि झावळ तारेला टेकलेली असेल तर त्या माडावर कुणालाच चढवू नका. फांद्या तोडायला महावितरणला सांगा, पावसाळ्याआधी त्यांची ती कामं चालूच असतात.

शिमग्याला आपण आख्खी पोफळ किंवा सुरमाड होळीसाठी उभा करतो. झाड चाळीस-पन्नास फुटांचं, उभं करणारे शंभर हात, ढोल वाजत असतात आणि ओरडून सांगितलेलं कुणाला ऐकू येत नाही. होळीची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, लाईन मात्र नंतर आलेली. मानकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी आदल्या दिवशीच वायरमनला बोलावून वेळ ठरवून पुरवठा बंद करून घ्यावा. झाड ज्या बाजूला पडू शकेल तिथे पूर्ण लांबीइतकी जागा मोकळी आहे का, तेही तेव्हाच बघावं. गणपतीचा मांडव आणि पाडव्याची उंच गुढी यांनाही हेच लागू.

तार खाली पडलेली दिसली तर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. दोन्ही वेळा खांब आडवे झाले आणि तारा बागांत, पायवाटांवर, पाण्यात पडल्या. लाईट गेली म्हणजे तार मेली असं धरू नका. ती कुठल्याही क्षणी परत चालू होऊ शकते. शेजाऱ्याने जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडला असेल, तरी उलट्या दिशेने तारेत करंट येतो.

निदान १० मीटर लांब राहा, ओल्या जमिनीवर आणि भरलेल्या वाफ्यात अजून लांब. जवळ असतानाच तार पडली तर धावू नका, पाय न उचलता छोटी छोटी पावलं घासत मागे या, कारण जमिनीतही करंट पसरलेला असतो आणि लांब टांग टाकली तर तो एका पायातून दुसऱ्यात जातो. गुरांना त्या बाजूला सोडू नका. १९१२ वर फोन करून खांबाचा नंबर सांगा. कुणी चिकटलं असेल तर त्याला हात लावू नका, लगेच १०८ ला फोन करा. घरातली वायर असेल तर मेन स्विच पाडा. बाहेरची लाईन असेल तर ती बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबा, मग श्वास चालू नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. आणि वायरमन येईपर्यंत वाटेच्या दोन्ही टोकांना एक-एक माणूस उभा करा, कारण अंधारात शेताकडून घरी येणाऱ्याला ती तार दिसत नाही.